वाचक विचारतात : इंग्लंडच्या जमीनदारांचे घर, अठरावे शतक

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात त्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. घरात चार मुली असताना इस्टेट लांबच्या चुलतभावाला कशी जाते? बाप मृत्युपत्र का करत नाही? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : त्याला तसा हक्कच नसे. थोरल्या मुलाचे लग्न ठरले की वकील दस्त करत. त्या दस्ताने बाप आणि मुलगा दोघेही फक्त हयातीपुरते धनी ठरत, आणि जमीन अजून न जन्मलेल्या थोरल्या नातवाच्या नावे बांधली जाई. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होत रान गुंठ्यांवर येते. ते टाळण्यासाठीच हा बंदोबस्त. दस्तात वारसा 'पुरुष वंशजांना' असा असला की मुलींना डावलून जमीन चुलत घराकडे वळे.

नातू 21 वर्षांचा झाला की बापलेक मिळून हा बंध तोडू शकत. मोकळा झालेला मुलगा जमीन विकेल ही धास्ती असायची, म्हणून बाप त्याला लगेच सालाना रक्कम बांधून देई आणि नवा दस्त करून घेई. मुलगाच नसला तर चुलतभावाची संमती लागे, आणि तो ती कशाला देईल?

मुली अगदी रित्या हाताने जात नसत. त्यांच्यासाठी रोख रक्कम आईबापांच्या लग्नाच्या दस्तातच ठरलेली असे. पण ती बहुधा सगळ्या धाकट्या भावंडांत मिळून असायची. भावंडे वाढली की वाटा घटला. विधवेला हयातभर वार्षिक नेमणूक मिळे, साधारण तिने आणलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याएवढी : 1,000 पौंड आणले तर वर्षाला 100. घोळ होई तो इथे. मुलींची रक्कम जमीन गहाण टाकून उभी करत. त्यात आई नि आजी अशा दोन विधवा दीर्घायुषी निघाल्या की खंडाचा मोठा भाग व्याजात आणि नेमणुकांतच जाई. एवढी जमीन असूनही घरात पैशाची ओढ का, हे पाहायचे तर खंडाच्या आकड्याआधी दस्त वाचा.

प्रश्न : आमची एकांकिका 1770 सालच्या अशा घरात घडते. जेवणाच्या प्रवेशात काय चुकू शकते? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : पहिली चूक वेळेची. खेड्यातल्या अशा घरी मुख्य जेवण दुपारी तीन-चारच्या सुमारास होई. दुसरी, वाढण्याची. एकामागून एक पदार्थ आणू नका. एका फेरीचे सगळे पदार्थ आधीच टेबलावर समोरासमोर जुळवून मांडत आणि पाहुणे शेजाऱ्याला वाढत. लांबचा पदार्थ मागवेपर्यंत गार होई. शेवटी बायका उठून दिवाणखान्यात जात, पुरुष दारू पीत मागे राहत.

चहाची पेटी कुलपात ठेवा आणि किल्ली मालकिणीच्या हाती द्या. जकातीमुळे चहा फार महाग होता, 1784 मध्ये ती कमी झाली. साखर दाणेदार नको. ती शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेत यायची, आणि आपल्या अडकित्त्यासारख्या चिमट्याने तिचे खडे तोडत. आपल्या गुळाच्या ढेपेपेक्षा ती फार कडक असते, प्रयोगात नुसत्या हाताने फोडू नका. ती साखर मुख्यतः कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या राबणुकीतून येई; संवादात याला जागा मिळाली तर जरूर द्या.

उजेड मेणबत्त्यांचा : दिवाणखान्यात मधमाशीच्या मेणाच्या, स्वयंपाकघरात चरबीच्या. चरबीच्या मेणबत्तीची वात वारंवार कातरावी लागे, नाहीतर धूर होऊन चरबी ओघळे. काचेची चिमणी लावलेला दिवा मात्र काढून टाका. तो 1780 नंतरचा.

प्रश्न : नृत्याच्या बैठका पौर्णिमेच्या आसपास का ठरवत? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : रात्री परतताना रस्त्यावर दिवे नसत. खड्ड्यात बग्गीचे चाक मोडले की मुक्काम तिथेच. म्हणून तारीख ठरवताना पंचांगात चंद्र पाहत. आभाळ भरून आले तर काही जण यायचेच नाहीत.