कादंबरी लिहून झालीय, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी

प्रश्न : माझी पहिली कादंबरी लिहून झाली. लालबागच्या चाळीतलं एक कुटुंब, गिरणी संपाच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन. साधारण १ लाख १० हजार शब्द झालेत. घरच्यांना खूप आवडली. आता शुद्धलेखन तपासून चार-पाच प्रकाशकांना पाठवायचा विचार आहे. एवढं पुरेल ना, की आधी कुणाकडून पैसे देऊन एडिट करून घेऊ?
– एक लेखिका, डोंबिवली

ताई, आधी मनापासून अभिनंदन, लाखभर शब्द लिहून शेवटापर्यंत नेणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण शुद्धलेखन आत्ता नका तपासू. आपल्याकडे एडिटिंग म्हटलं की लोकांना ऱ्हस्व-दीर्घच आठवतं, मग महिनाभर वेलांट्या नीट करत बसायचं आणि नंतर लक्षात येतं की तो अख्खा चॅप्टरच जायला हवा होता, आणि एवढं घासूनपुसून ठेवलेलं पान काढायला मग हात धजावत नाही. म्हणून आधी काय राहणार आणि काय जाणार ते ठरवा, वेलांट्या नंतर.

फाइल महिना-दीड महिना बंद ठेवा. मग प्रिंटआउट काढा आणि दोन-तीन दिवसांत सलग वाचा. वाचताना वाक्यं दुरुस्त करायची नाहीत, जिथे कंटाळा आला आणि जिथे गोंधळ झाला तिथे समासात पेन्सिलीने खूण करायची, बस. पहिल्या कादंबरीत पाल्हाळ बहुतेक वेळा सुरुवातीलाच असतो, आजोबा कोकणातून कसे आले, चाळीत किती बिऱ्हाडं होती, नळाला पाणी किती वाजता यायचं. यातलं लागेल तेवढं पुढे पसरून घालता येतं, वाचकाला मात्र संपाच्या तोंडाशी लवकर आणा. शिवाय १ लाख १० हजार शब्द म्हणजे डेमी साइझमध्ये, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात, ४०० च्या आसपास पानं, १६ पानांचा फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा) धरला तर २५ फॉर्म, आणि नव्या लेखिकेचं एवढं जाड पुस्तक काढताना प्रकाशक कागदाचा हिशोब करणारच. पण मी केवळ त्यासाठी कापा म्हणत नाहीये, कापल्यावर उरलेलं जास्त ठसतं म्हणून म्हणतोय.

आता तुमच्या विषयाचं. गिरणी संपाचा काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत, तीच तुमचे पहिले वाचक असणार, आणि एक चूक सापडली की त्यांचा पुढच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तो सोमवार होता, तेव्हा ‘रविवारची सुट्टी, सगळे घरी आणि आजपासून संप’ असा प्रसंग असेल तर बदला. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे ‘संप मिटला त्या दिवशी’ हे वाक्य कुठे राहून गेलं असेल तर ते काढायलाच हवं, आणि खरं तर न मिटलेला संप हाच तुमच्या शेवटाचा कणा होऊ शकतो, त्यावर जरूर विचार करा. स्टेशनला सगळे व्हीटीच म्हणायचे, छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव १९९६ चं. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं, त्यामुळे त्या फेब्रुवारीत शेजाऱ्याकडे रंगीत टीव्ही बघायला पोरं जमतात असं लिहिलं असेल तर जमणार नाही. एसटीडी बूथही तेव्हा नव्हते, गावी निरोप पाठवायचा तर तार, पत्र नाहीतर ट्रंक कॉल. एका वहीत प्रत्येक पात्राचं जन्मसाल आणि प्रत्येक चॅप्टरचा महिना लिहून काढा, मग तिसऱ्या चॅप्टरमधली दहावीतली मुलगी नवव्यातही दहावीतच आहे का ते आपोआप दिसेल.

त्यानंतर भाषा. मराठीत इथे फार घोळ होतो. निवेदन ‘केले, गेले, म्हटले’ असं आहे की ‘केलं, गेलं, म्हटलं’, यातलं एक धरा. दोन्ही चालतं, पण एकाच पानावर ‘तिने दार उघडले’ आणि चार ओळींखाली ‘तिने पाणी दिलं’ आलं की वाचणारा अडखळतो, का अडखळला ते त्याला सांगता येत नाही पण अडखळतो. संवाद मोठ्याने वाचा, अगदी आवाज काढून. चाळीतला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आणि कॉलेजात जाणारा त्याचा मुलगा एकसारखंच बोलत असतील तर ते डोळ्यांना कळत नाही, कानाला लगेच कळतं.

घरच्यांना आवडली हे छानच, पण ते तुमच्यावर प्रेम करणारे लोक आहेत. दोन माणसं शोधा, एक गिरणगावात राहिलेलं आणि एक भरपूर कादंबऱ्या वाचणारं. ‘आवडली का’ विचारू नका. पुस्तक खाली कुठे ठेवलंत, कोण कोण तुमच्या डोक्यात एकमेकांत मिसळलं, हे विचारा. दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथे काम आहेच. पैसे देऊन एडिटर लावायची घाई आत्ता नको, त्यांना तुमचा सगळ्यात चांगला ड्राफ्ट द्यायचा असतो आणि तो अजून व्हायचाय. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक चांगल्या चांगल्या लेखकांनाही पुन्हा लिहायला लावायचे, त्यामुळे पुनर्लेखनात कमीपणा काही नाही.

हे सगळं झालं की शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नंतर १९७२ मध्ये आले, ते एकदा शांतपणे वाचा. ‘बहीण’ पण ‘बहिणीला’, ‘गरीब’ पण ‘गरिबांना’, असल्या जागा सगळ्यात जास्त चुकतात. आणि एक कळकळीची विनंती, फाइंड-रिप्लेसने एका झटक्यात काही बदलू नका, ‘कि’चा ‘की’ केलात की सगळीकडे ‘कीती’ आणि ‘कींवा’ होऊन बसतं.

पाठवताना चार-पाच ठिकाणी एकदम पाठवायचं असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा, आणि सोबत पानभराचा गोषवारा द्या ज्यात शेवटही सांगितलेला असेल.

प्रश्न : माझ्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एका कवीच्या दोन-दोन ओळी घेतल्यात. नाव दिलंय, मग चालेल ना?
– एक वाचक, सातारा

नुसतं नाव देऊन भागेल असं धरून चालू नका. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, आणि ती ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. त्या मुदतीतल्या ओळी असतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. सिनेमातल्या गाण्यांचंही तेच. संतांचे अभंग आणि जात्यावरच्या जुन्या ओव्या मोकळ्या आहेत. पण आधी त्या ओळी झाकून प्रकरण वाचून बघा, आणि त्यांच्यावाचून काही अडत नसेल तर काढूनच टाका, परवानगीचा प्रश्नच राहणार नाही.