हार्नेस रेसमध्ये पैसे लावताना ड्रायव्हर बघावा की घोड्याचा साज?

तुम्ही विचारलंय की पुण्या-मुंबईच्या रेसची सवय आहे, आता अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेडोलँड्स ट्रॅकवर हार्नेस रेस बघायला जाऊ लागलात, पण इथे जॉकीच्या जागी मागच्या दोनचाकी गाडीत बसलेला ड्रायव्हर आणि घोड्याच्या अंगावर ढीगभर पट्टे. यातलं काय बघून पैसे लावायचे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ड्रायव्हरचं नाव भावात, म्हणजे जिंकल्यास पैशाला किती पट मिळणार त्यात, अगोदरच मोजून झालेलं असतं. साजातला बदल मात्र बरेच जण वाचत नाहीत, आणि वाचला तरी पुष्कळदा उलटा वाचतात.

महालक्ष्मीला आपण कार्ड, म्हणजे रेसची छापील माहिती, उघडलं की घोड्यावर किती वजन चढवलंय ते बघतो. ते इथे विसरा. हँडिकॅपचं वजन नावाची भानगडच नाही, ड्रायव्हर चार-पाच किलोंनी जड असला तरी कोणी हिशेब करत नाही. त्यामुळे जॉकी ज्या वयात केव्हाच निवृत्त झालेला असतो, त्या वयातले ड्रायव्हर इथे जोरात असतात. जॉन कॅम्पबेल साठी ओलांडेपर्यंत गाडी हाकत होते आणि १०,००० पेक्षा जास्त रेस जिंकून थांबले.

ड्रायव्हरच्या नावापुढे यूडीआर (युनिव्हर्सल ड्रायव्हर रेटिंग) म्हणून एक दशांश आकडा दिसेल. पहिल्या नंबरला ९, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ३ गुण. बेरजेला एकूण रेस गुणिले ९ ने भागायचं. १०० रेसमध्ये २० पहिले, १५ दुसरे, १२ तिसरे आले तर .३२३ येतो, आणि .३०० च्या वर म्हणजे उत्तमच. पण हा आकडा फसवा आहे. नाव झालेल्या ड्रायव्हरला चांगले घोडे मिळतात, म्हणून आकडा चांगला राहतो, म्हणून पुन्हा चांगले घोडे मिळतात. टिम टेट्रिकनं २००७ मध्ये एका वर्षात १,१८९ रेस जिंकल्या. असा माणूस गाडीत बसला की भाव पडतो, घोडा कसाही असो. टोट, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र करून वाटणारी खिडकी, पैजेच्या प्रकारानुसार शंभरातले साधारण १५ ते २५ आधीच कापून घेतो, त्यात वर नावाची किंमत मोजलीत तर हाती काय उरणार?

बडा ड्रायव्हर दोन घोड्यांवर लिहिलेला असतो आणि त्यातला एक निवडतो, तेव्हा सगळे तिकडे धावतात. तिथेही जरा थांबा. बऱ्याचदा त्याची निवड घोड्याची नसते, गिऱ्हाइकाची असते: ज्या ट्रेनरकडे बारा घोडे आहेत त्याला तो एका रेससाठी दुखावणार नाही. मला तरी उलटा प्रकार जास्त उपयोगी वाटतो. ट्रेनर स्वतः हाकत होता, घोडा बरा धावत होता, आणि आज त्यानं बाहेरचा ड्रायव्हर बसवला. म्हणजे आज मनावर घेतलंय.

आणि ड्रायव्हर जोखायचाच असेल तर मागच्या रेसच्या ओळींत नंबराशेजारी येणारं बारीक शून्य शोधा. त्याचा अर्थ घोडा त्या टप्प्याला बाहेरच्या बाजूनं धावत होता, म्हणजे जास्त अंतर कापत होता, आणि पुढे कोणी नसेल तर वारासुद्धा स्वतःच झेलत होता. सगळा वळसा असा काढूनही घोडा चौथा आला असेल, तर तो आतल्या कठड्याला चिकटून दुसऱ्या आलेल्यापेक्षा सरस असू शकतो. चांगला ड्रायव्हर बाहेर निघतो तेव्हा पुढे एखादा दमदार घोडा आडोशाला बघून निघतो. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर चार वळणं येतात, तिथे ही अक्कल आणि आतला गेट नंबर दोन्ही फार मोलाचे. मेडोलँड्स एक मैलाचा आहे, दोनच वळणं आणि लांब सरळ पट्टा, त्यामुळे चूक भरून काढायला जागा मिळते.

आता साज. घोडे दोन प्रकारचे. ट्रॉटर दुडकी धावतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. चाल मोडून चौखूर उधळला की ड्रायव्हरला त्याला आवरून परत चालीवर आणावं लागतं, आणि तेवढ्यात रेस हातची जाते. कार्डात अशा ठिकाणी फुली असते. साजातल्या बऱ्याच गोष्टी ही फुली टाळण्यासाठी आहेत.

पेसरच्या पायांत दिसतात ते हॉबल, एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जोडणारे पट्टे. बहुतेक पेसर ते घालतात, त्यामुळे त्यात बातमी काही नाही. ट्रॉटरला वेगळ्या रचनेचे हॉबल घातलेले दिसले तर मात्र समजा, ट्रेनरला चालीचा भरवसा नाही. लोक म्हणतात, ‘चला, आता उधळणार नाही’ आणि पैसे लावतात. माझ्या लेखी तो घोड्याच्या दुखण्याचा कबुलीजबाब आहे. तेच हॉबल काढून घोडा रेसबाहेरच्या चाचणीत सरळ धावला असेल, तर ती खरी चांगली खबर.

झापडं सगळ्यांना दिसतात. मानेलगतची काठी किंवा एकाच डोळ्याजवळचं झापड म्हणजे घोडा डोकं वाकडं करून धावतो. चार वळणांच्या ट्रॅकवर मी असा घोडा टाळतो. सगळ्यात कामाची वस्तू सगळ्यात लहान आहे: कानातले बोळे. त्यांना दोरी असते, ड्रायव्हर शेवटच्या पट्ट्यात ती ओढतो, एकदम गलका कानावर पडतो आणि घोडा सुटतो. मागच्या रेसचा व्हिडिओ बघा. बोळे कानातच असताना दुसरा आला असेल तर अंगात अजून काही शिल्लक होतं. बोळे निघूनही जागचा हलला नसेल तर भाव कितीही मोठा असो, माझे दोन डॉलर खिशातच राहतात.

नालांची खरी गंमत फ्रान्समध्ये आहे. पॅरिसजवळ व्हँसेनला जानेवारीच्या अखेरीस प्री दामेरिक ही ट्रॉटरांची मोठी रेस होते. तिथल्या कार्डावर घोड्यापुढे डी४ लिहिलेलं असतं: चारही नाल काढलेत. डीए म्हणजे फक्त पुढचे, डीपी म्हणजे मागचे. अनवाणी घोडा हलका, म्हणून वेगवान. पण खूर झिजतात, दर आठवड्याला हे परवडत नाही. मग ट्रेनर तयारीच्या रेस नाल ठेवून धावडवतो, घोडा सहावा-सातवा येतो, भाव चढतो, आणि ठरलेल्या दिवशी नाल उतरतात. ड्रायव्हर तोच, घोडा तोच, फरक चार नालांचा. साजातला बदल वाचून पैसे मिळण्याची इतकी उघड जागा मला दुसरीकडे दिसलेली नाही.

गाडीचं म्हणाल तर अमेरिकेत आज त्यात फारसं काही नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात नव्या बनावटीची सल्की, म्हणजे ड्रायव्हरची दोनचाकी गाडी, आली, तेव्हा ती ज्याच्याकडे असेल त्याला मोठा फायदा व्हायचा. मग ती सगळ्यांनीच घेतली. स्वीडनच्या कार्डात मात्र साधी गाडी की अमेरिकन हे अजून छापतात. घोडा पहिल्यांदाच अमेरिकन गाडीला जुंपला असेल तर तिथले लोक त्याची दखल घेतात.

तुमचा शेवटचा प्रश्न चाबकाचा होता: जास्त फटके मारणारा ड्रायव्हर चांगला का? यावरून काही कळत नाही, आणि नियमही आता बरेच कडक झालेत. त्याऐवजी पहिल्या पाव मैलात त्याचे हात बघा. घोडा लगाम ओढतोय आणि ड्रायव्हर मागे रेलून त्याच्याशी झगडतोय, तर तो दम शेवटी लागणारच होता, तो तिथेच खर्च झाला. पुढच्या वेळी तोच घोडा हलक्या हाताच्या ड्रायव्हरकडे गेलेला दिसला, तर तो ड्रायव्हरबदल मी गंभीरपणे घेतो.