डब्यावरचं 'हरित रसायन' आणि टाकीतला क्षार

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीचा प्रश्न आहे. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या फवारणीच्या डब्यावर 'हरित रसायन' असं छापलेलं होतं. ते वाचून वडील म्हणाले, "रसायन ते रसायन, त्यात हिरवं काय?" मुलगी बारावीला आहे आणि 'ग्रीन केमिस्ट्री', म्हणजे नासाडी आणि अपाय कमी करणारं रसायनशास्त्र, तिच्या पुस्तकात अगदी शेवटच्या प्रकरणात येते. तिला विचारायचंय की मराठीत 'हरित' म्हणावं की 'हिरवं'? शिवाय हिंदी व्हिडिओतले 'अणु' आणि 'क्षार' हे शब्द आपल्या शाळेतल्या शब्दांशी का जुळत नाहीत?

आधी वडिलांचं. त्यांचा कान पक्का आहे. 'रासायनिक' हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवी झाला आहे. 'बिनकेमिकलचा गूळ' अशी पाटी लावतात, जणू गुळातली साखर हे रसायन नाहीच. उलट वैद्यांच्या तोंडी 'रसायन' म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, च्यवनप्राश त्यातलाच.

'हरित' आणि 'हिरवं' यांतला फरक मराठीनं परस्पर करून टाकला आहे. हिरवा हा रंग: हिरवी मिरची, हिरवा चारा. 'हरित'ची गोष्ट वेगळी. हरितक्रांती काही हिरव्या रंगाची नव्हती आणि जानोरी-मोहाडीकडची गुलाबांची हरितगृहं लांबून पांढरीच दिसतात. त्यामुळे 'हरित रसायनशास्त्र' हाच शब्द ठेवावा. 'हिरवं रसायन' म्हटलं तर मला तरी बाटलीतलं खस सरबत आठवतं.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. 'हरित' आणि 'क्लोरीन' हे शब्द लांबचे भाऊ आहेत. ग्रीक 'क्लोरोस' म्हणजे पिवळट हिरवा, आणि तो व संस्कृत 'हरि', 'हरित' एकाच जुन्या मुळातून आल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. हळदीच्या 'हरिद्रा'तही तोच रंग आहे. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं १८१० मध्ये एका पिवळट हिरव्या वायूला रंगावरून क्लोरीन हे नाव दिलं. म्हणजे नावानं अस्सल हरित असलेला हा वायू, आणि क्लोरीनयुक्त द्रावक (पदार्थ विरघळवणारे द्रव) शक्यतो टाळा असं सांगणारं शास्त्रही हरितच!

आता डब्याकडे येऊ. माझ्या मते 'हरित रसायनशास्त्र' बरोबर आणि 'हरित रसायन' फसवं. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये या शास्त्राची १२ तत्त्वं मांडली. ती डब्यातल्या मालापुरती नाहीत. माल कशापासून केला, करताना वाया किती गेलं, द्रावक कोणता वापरला, ऊर्जा किती लागली आणि वापरून झाल्यावर तो माल निरुपद्रवी होऊन विघटित होतो का, हे सगळं त्यांत येतं. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घ्या. तिची जुनी कृती सहा पायऱ्यांची होती आणि अभिक्रियेत उतरलेल्या अणूंपैकी वजनानं जेमतेम ४० टक्के औषधात पोहोचत. नवी कृती तीन पायऱ्यांची, आणि त्यात ७७ टक्के पोहोचतात. औषध तेच, रेणू तोच. मग 'हरित' विशेषण कशाला लावायचं? कृतीला. डब्यावर नुसतं 'हरित रसायन' छापलं असेल तर त्या कृतीबद्दल काहीच कळत नाही.

किती अणू मालात पोहोचले हा हिशोब बॅरी ट्रोस्ट या रसायनशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये मांडला. त्याला मी 'अणूंची काटकसर' म्हणतो. भाकरीचं पीठ परातीत किती राहिलं हे बघणाऱ्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण हिंदी व्हिडिओ बघून आलेली मुलं इथेच अडखळतात. मराठीत सगळ्यात लहान तो अणू, आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत लहान तो 'परमाणु', आणि आपल्या रेणूला ते 'अणु' म्हणतात. म्हणून आपला अणुबॉम्ब तिकडे 'परमाणु बम' होतो. वहीत दोन्ही भाषा मिसळल्या तर काटकसर अणूंची की रेणूंची, हेच कळेनासं होईल. (आपला 'द्रावक' तिकडे 'विलायक' होतो, पण त्यात निदान घोटाळा नाही.)

'क्षार'चा गोंधळ जास्त जुना आहे, आणि तो तुमच्याच बागेत दाखवता येतो. द्राक्षावरच्या केवडा या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो हे फवारणीचं मिश्रण करताना एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र ओततात. त्यात लोखंडी पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला, म्हणून आणखी घालतात. शाळेच्या मराठीत यातलं मोरचूद हा क्षार, कारण तो तांबं आणि सल्फ्युरिक आम्लाचा. चुना हा आम्लारी, म्हणजे आम्लाचा जोर मारणारा. हिंदी पुस्तकात मोरचूद 'लवण' होतं आणि 'क्षार' हे नाव चुन्याला जातं. आयुर्वेदाचा यवक्षारही (जवाच्या राखेतून काढलेला) चुन्याच्याच बाजूचा, म्हणजे जुन्या अर्थाला हिंदी जास्त धरून राहिली. आणि वडील जेव्हा "बोअरच्या पाण्यात क्षार फार" म्हणतात, तेव्हा ते शाळेच्या मराठीतच बोलत असतात: पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार.

परीक्षेत आम्ल, आम्लारी, क्षार हेच लिहा. वैद्यांकडे गेल्यावर मात्र 'क्षार' ऐकून मोरचूद डोळ्यांपुढे आणू नका.