ओले रीळ

मुलुंड, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, टिपण आणि सोबतचा छापलेला तुकडा मिळाला. अंतराळातील त्रिमितीय छपाई हा विषय घेतला आहेस, तर यंत्र कोणते घ्यावे, असे तू विचारतेस; पण तुकडा भिंगाखाली धरल्यावर मला यंत्राविषयी लिहावेसेच वाटेना. थरांच्या कडेने मोहरीहूनही बारीक फोड आले आहेत. छापताना नोझलपाशी, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोंडापाशी, तडतड ऐकू येत होती का, ते आठवून पाहा. मुंबईच्या जुलैत छपाईच्या नायलॉन तारेचे रीळ आठवडाभर उघडे राहिले की हवेतली ओल शोषते, तापलेल्या नोझलमध्ये तिची वाफ होते आणि असे फोड उठतात. छपाईआधी रीळ नीट वाळव आणि एरवी सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

हे घरगुती वाटेल, पण तुझ्या विषयात शिरायची वाट इथूनच आहे. प्लॅस्टिकने पोटात धरलेले वायू आणि बाष्प निर्वातात हळूहळू बाहेर पडते. म्हणून उपग्रहावर चढणारे प्लॅस्टिक आधी निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून पाहतात. एकूण वजनातील घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जाऊन बसणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत असावा, हा रूढ निकष आहे, कारण तो थर कॅमेऱ्याच्या भिंगावर बसला तर तिथे पुसायला जाणार कोण? शिवाय पृथ्वीजवळच्या कक्षेत अणुरूप ऑक्सिजन (ऑक्सिजनचे सुटे अणू) प्लॅस्टिकचा पृष्ठभाग कुरतडतो आणि दर दीड तासाला ऊन-सावलीचा एक फेरा होतो.

वजनरहित अवस्थेचा मात्र उगाच बाऊ करू नकोस. नोव्हेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पहिला तुकडा छापला गेला (स्थानकाच्या आत, हवेत, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही). वर छापलेले आणि जमिनीवर छापलेले नमुने ताडून पाहिल्यावर फरक दिसला, तेव्हा संशय साहजिकच गुरुत्वाकर्षणावर गेला. पुढे कळले की नोझल आणि ज्यावर तुकडा छापतात तो पाटा यांतले अंतरच दोन्हीकडे सारखे नव्हते. हा प्रसंग तू प्रबंध लिहिताना डोळ्यांसमोर ठेव.

धातूची गोष्ट वेगळी. जमिनीवर वितळलेल्या धातूतला बुडबुडा हलका म्हणून वर येतो. अंतराळात ‘वर’ असे काही नसतेच, त्यामुळे तो आत अडकून पोकळी ठेवू शकतो. धातूची भुकटी वितळवून छापायची, तर ती तरंगत सुटण्याचा धोका उघडच आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या यंत्राने २०२४ मध्ये स्थानकात पहिल्यांदा धातू छापला, तो भुकटीने नव्हे, तर स्टेनलेस स्टीलची तार लेसरने वितळवून. इस्रोचे ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चाललेले पीएस-४ इंजिन (पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे) भुकटीपासूनच घडले, १४ भागांचा एक भाग झाला. पण ते जमिनीवर घडले. तुझ्या टिपणात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, ती आधी सोडव.

यंत्राचे नंतर पाहू. आहे त्याच रिळाचे वाळवण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन, खोलीतली आर्द्रता आणि नोझलचे अंतर वहीत टिपून एकाच आराखड्याचे दोन तुकडे छाप आणि वहीच्या पानासह मला पाठव. त्यांतला एक मी मधोमध कापून पाहणार आहे.

तुझा,
जुना मार्गदर्शक