वेड लागायची वाट बघू नकोस

अरे, कविता लिहायला लागून चार महिने झाले आणि 'मोठा कवी व्हायला लागतं तेवढं वेड आपल्यात नाही' ही काळजी आत्ताच? पुण्यात दर कट्ट्यावर असा एक तरी भेटतो. मीही तोच होतो. रात्री तीनपर्यंत जागरण, टपरीवर चहा-सिगारेट, आणि सकाळी वहीत चार ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या.

चित्रकार व्हॅन गॉगचं नाव तू घेतलंसच. १८८९ मध्ये तो फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभरात तिथे सुमारे दीडशे चित्रं काढली. पण झटका आला की आठवडेच्या आठवडे काम बंद. चित्रं झाली ती मधल्या बऱ्या दिवसांत. हे मात्र कट्ट्यावर कुणी सांगत नाही.

स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत लेखकांमध्ये बायपोलरचं (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य असा आजार) प्रमाण जास्त दिसलं, खरंय. पण अशा रुग्णांची ठणठणीत भावंडंही कलेच्या व्यवसायात जास्त आढळली. म्हणजे कलेसाठी आजारच हवा असं नाही.

सध्या एवढंच कर:

- रोज ठरल्या वेळी अर्धा तास लिही. मूड असो वा नसो.
- औषधं चालू असतील तर 'प्रतिभा बोथट होते' म्हणून परस्पर बंद करू नकोस. डॉक्टरांना तसं सांग, डोस बदलता येतो.
- दोन-तीन रात्री झोप नाही, तरी थकवा नाही आणि डोकं सुसाट? ती स्फूर्ती समजू नकोस, डॉक्टर गाठ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वृत्त, यतिभंग वगैरे नंतर. शनिवारी वही घेऊन ये. खाडाखोडीची, स्वच्छ प्रत नको.