ती वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास चालू आहे. मे महिन्यात मंगळुरूला मामाकडे गेला असताना मुल्कीजवळ एका सर्फ क्लबची स्पर्धा पाहून आला. तेव्हापासून तिथल्या एका सर्फरचं वेड लागलंय. चाचणीत गुण घसरले म्हणून मी त्याची लाटांची वही काढून घेतली. दोन पानांचे फोटो पाठवतोय. आठवडा झाला, तो घरात बोलत नाही. पुण्यात राहून हा सर्फर होणार का? त्याला समजवा.
– एक पालक, कोथरूड

उत्तर : तुमचं पत्र एकदा वाचलं, वहीची पानं चारदा. चाचणीचे गुण भरून निघतील. मला घोर लागलाय तो अबोल्याचा. सोळा वर्षांचा मुलगा आठवडाभर बापाशी बोलत नाही आणि पत्रात त्यावर तुमचं एकच वाक्य आहे. वही काढून घेतलीत हे चुकलं. स्पष्टच सांगतो.

त्या सर्फरबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘तो माणूस अर्धा वेळ नुसता पाण्यात बसून होता, त्यात बघायचं काय?’ मुलाने तेच बघितलंय. सर्फिंगमध्ये प्रत्येक लाटेला दहापैकी गुण मिळतात आणि शेवटी खेळाडूच्या सर्वोत्तम दोनच लाटा धरतात. म्हणून कुठली लाट सोडायची, यातच अर्धी स्पर्धा असते. त्याच्या आवडत्या सर्फरने वीस मिनिटांत सात लाटा सोडल्या आणि चारच घेतल्या. प्रत्येकीसमोर मिनिट लिहिलंय. दुसऱ्या पानावर दोन लाटांमधले सेकंद आहेत, १२, १३, १२, आणि खाली प्रश्न : ‘मोठ्या लाटा गटानेच का येतात?’

थोड्या वेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे जुळून मोठ्या होतात, कुठे एकमेकींना खोडतात. फिजिक्समध्ये ‘बीट्स’ शिकवतात, म्हणजे दोन जवळचे सूर मिसळले की आवाज लहान-मोठा होत राहतो, त्याचाच हा भाऊ. क्लासची फी भरून जे शिकवताय, ते पोराने किनाऱ्यावर उभं राहून स्वतः विचारलं, आणि तीच वही तुम्ही कपाटात कोंडलीत!

सर्फर होण्याचं म्हणाल तर अवघड आहे. मुल्कीची मुलं लहानपणापासून पाण्यात असतात, आपल्याकडे मुठा आहे. पण या पानांवर ‘मला सर्फर व्हायचंय’ असं कुठेही नाही. ती भीती तुमची आहे.

‘पुण्यात समुद्र नाही, मग लाटांचा अभ्यास करून उपयोग काय’ हा तुमचा समजही काढून टाका. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून, त्यांवर यंत्राने लाटा सोडून बघतात, की धक्का कुठे बांधला तर आतलं पाणी शांत राहील. कोथरूडहून तासाभराच्या आत पोचाल. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, तिथेही समुद्राशिवाय पान हलत नाही.

वाट म्हणाल तर फिजिक्स-मॅथ्स पक्कं करून सिव्हिल किंवा ओशन इंजिनीअरिंग, नाहीतर बीएस्सी करून समुद्रविज्ञान. जेईई त्यात बसते, ती चालू राहू दे.

वही आज रात्रीच द्या, आणि देताना गुणांची अट घालू नका. ‘चुकलो’ म्हणा. मग त्या सोडलेल्या सात लाटांबद्दल विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. पुढच्या वेळी पत्र त्याला लिहू द्या.