खुर्द्याची नावं

सातारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. जूनमध्ये मैत्रिणींबरोबर द्रासला, कारगिल युद्धाच्या स्मारकाला, जायचं ठरवलं आहेस, तोलोलिंग शिखराच्या पायथ्याशी उभं राहायचं आहे आणि त्याआधी काय वाचू, असं विचारलं आहेस. पुस्तकं सुचवीन. पण आधी तुला थोडं चालायला सांगणार आहे, तेही घराजवळच. द्रास लांब आहे. तिथे पोचेपर्यंत माणूस वाटेतच भारावून गेलेला असतो आणि भारावलेल्या डोळ्यांना भिंत दिसते, भिंतीवरची नावं दिसत नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा पानिपतला गेलो तेव्हा माझं असंच झालं. काला आंबच्या त्या स्तंभापुढे उभा राहून रडलो, पण कुणासाठी रडलो हे विचारलं असतं तर भाऊसाहेब आणि विश्वासराव या दोन नावांपलीकडे मला सांगता आलं नसतं.

पानिपतचं ते सावकारी पत्र तू शाळेत ऐकलंच असशील. १४ जानेवारी १७६१ नंतर पेशव्यांना बातमी कळली ती त्या सांकेतिक भाषेत. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे कोण, मोहरा म्हणजे कोण, हे आपण परीक्षेत लिहितो. खुर्दा म्हणजे कोण, ते साधे शिपाई कोण, हे आजवर मला एकाही पेपरात विचारलेलं दिसलं नाही. वीस वर्षं इतिहास शिकवून झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मी जिथे जातो तिथे तो खुर्दा शोधतो. तुलाही माझं एवढंच सांगणं आहे, त्याच्या वाटा मात्र वेगवेगळ्या.

सुरुवात किकलीपासून कर. वाई तालुक्यात, चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. तिथे भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात आणि गावात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत, एका जागी इतके की पहिल्यांदा पाहणारा गोंधळतोच. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव नाही, तिथी नाही, राजा कोण तेही नाही. पण दगड मुका नाही, फक्त तो खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई असतील तर समज, गोधन पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला. त्यावर लढाईची चौकट असते, ढाल-तलवार, कधी घोडा. त्याच्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताना दिसतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य; ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. जवळच एखाद्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. तिथेही थांब. तिचंही नाव कुणी कोरलेलं नाही.

गाईंच्या चौकटीपाशी जरा जास्त वेळ उभी राहा, असं मी मुद्दाम सांगतो. आपल्याला वाटतं, स्मारक म्हणजे मोठ्या लढाईचं. हा माणूस गावाच्या शिवेवर, गावच्या गुरांसाठी मेला, आणि आठशे-नऊशे वर्षांपूर्वी त्याच्या माणसांनी पाथरवटाला बोलावून हा दगड घडवून घेतला. त्या काळी दगड घडवून घेणं काही स्वस्त नव्हतं. कुणीतरी धान्य मोजलं असेल, कुणी जनावर विकलं असेल.

मुंबईला काकांकडे जातेस ना? मग बोरिवलीच्या एकसरचे वीरगळही बघ. त्यांवर जहाजं कोरलेली आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. १२६५ च्या सुमारास यादवांचा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात समुद्रात झालेल्या लढाईशी बहुतेक अभ्यासक ते जोडतात. समुद्रात मेलेल्या माणसाचा दगड, आणि आता त्याच्या चहूबाजूंना इमारती.

वीरगळ बघायला सकाळी लवकर जावं किंवा उन्हं कलल्यावर. डोक्यावर ऊन असलं की कोरीवकाम सपाट दिसतं. सावलीतला दगड असेल तर छोटा आरसा न्यायचा आणि उजेड बाजूने तिरपा पाडायचा, चौकटी आपोआप उठून येतात. खडू चोळू नकोस, पीठ फासू नकोस, पाणी ओतू नकोस. कुणी शेंदूर लावून पूजा करत असेल तर तो खरवडायचा नाही. ज्या गावाने इतकी शतकं दगड सांभाळला त्याला आपण शहाणपण शिकवायचं नाही. आणि एखादा वीरगळ धुणं धुवायच्या जागी पालथा पडलेला दिसला तर रागावू नकोस. म्हाताऱ्या माणसाशेजारी बस, त्यावर काय कोरलं आहे ते बोटाने दाखव. मी हे पुष्कळ गावांत केलं आहे. दोन गावांत पुढच्या खेपेला दगड देवळाच्या भिंतीशी उभा केलेला दिसला.

आता घरची एक गोष्ट. माझ्या आजीचा थोरला भाऊ ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेला. आमच्याकडे पहिल्या महायुद्धाला जर्मनची लढाई म्हणत, पण आजीच्या तोंडी कायम बसरा. गेला तो आला नाही. आजी दर पित्तरपाटाला त्याच्या नावाने एक पान वाढायची, आणि ते नाव म्हणजे घरातलं लाडाचं नाव. पलटणीत त्याचं काय नाव लावलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मोठा झाल्यावर मी वाचायला लागलो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आधी पुढे गेली ती सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. तिथल्या कूट गावात तिला वेढा पडला, खायला उरलं नाही, आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळे कैद झाले. आजीचा भाऊ त्यांत होता की नंतरच्या भरतीत, ते मला कळलेलं नाही. बसऱ्याला जे स्मारक उभं राहिलं त्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची स्मृती आहे. मी आशेने चौकशी केली. तेव्हा कळलं की अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, आपल्या शिपायांचा मात्र पलटणवार आकडा दिला आहे. पुन्हा खुर्दाच. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने हा भेदभाव झाल्याचं कबूल करून माफी मागितली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आजीच्या फोटोपुढे दिवा लावला.

म्हणून तुला अपशिंग्याला जायला सांगतो. साताऱ्याजवळचंच गाव, लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. अशा संगमरवरी पाट्या इंग्रजांनी पुष्कळ गावांना दिल्या. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या दारावर. गावातून किती गेले आणि किती मेले, दोन आकडे, बस्स. तुझ्या आजोळी अशी पाटी आहे का ते आधी विचार. असेल तर तो आकडा वहीत लिही आणि घरोघर जाऊन नावं गोळा करायला लाग. चौथ्या पिढीतल्या कुणाला तरी एखादं नाव आठवतं, कुणाच्या ट्रंकेत पदक निघतं. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन जा. मला हे फार उशिरा कळलं. आमच्या घरातलं पदक तोवर मोडीत गेलं होतं.

मग एक दिवस एकटीच खडकीला जा. होळकर पुलाजवळ दुसऱ्या महायुद्धातली युद्ध स्मशानभूमी आहे. १,६६८ कबरी, सगळ्यांवर सारख्या उंचीचे दगड. अधिकारी असो की शिपाई, दगड लहानमोठा करायचा नाही हा तिथला नियम. दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःच्या शब्दांत काही कोरून घेता येत असे, फक्त मोजक्या अक्षरांत. कुठे बायबलमधली ओळ, कुठे नुसतंच आईचं बोलणं. वय बघत जा. एकोणीस, एकवीस, वीस. तुझ्या वर्गातली मुलं. ही मुलं आपल्यावर राज्य करणाऱ्या फौजेत होती, हे मला तिथे उभं राहून विसरता येत नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही. तरी त्या एकोणीस वर्षांच्या पोरापाशी मी दरवेळी थांबतो. तुला काय वाटतं ते तू ठरव, पण दोन्ही गोष्टी मनात एकाच वेळी राहू दे, एकीने दुसरीला हाकलू नकोस. आवारातच पहिल्या महायुद्धाचंही स्मारक आहे, अठराशेहून जास्त नावांचं. पुण्यातच आहेस तर घोरपडीचं राष्ट्रीय युद्ध स्मारकही बघ. नागरिकांनी वर्गणी काढून उभारलेलं, एवढ्यासाठी तरी बघावं.

माणगाववरून कधी गेलीस तर नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापुढे दोन मिनिटं उभी राहा. जवळच्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटली. तुकडीतली बाकीची सगळी माणसं पडली तेव्हा हे एकटे मशिनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, दुसरं मॅगझिन भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच हाणलं, आणि मग लपलेल्या बंदूकबाजाच्या गोळीने गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या युद्ध स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावे सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने आपल्या कोकणातल्या पोराचं नाव उन्हात ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता द्रास. जा, जरूर जा. १९९९ ची माणसं तुझ्या आईबाबांच्या वयाची असती. तिथे पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं फोन बॅगेत ठेव. भिंतीवरच्या सगळ्या नावांना न्याय देता येणार नाही, कुठलीही पाच निवड. मोठ्याने वाच, पण शेजारच्याला त्रास होणार नाही इतकंच. ती पाच नावं आणि पलटणी वहीत लिही आणि परत आल्यावर त्यांची गावं शोध. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकातही असंच कर. तिथे त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांवर जवानांची नावं आहेत, प्रत्येकाची आपली वीट. शहिदाचं गाव वाटेत लागलं तर आईवडिलांना भेटायला जायचा मोह होतो. न विचारता जाऊ नकोस. तुझ्या मनातली आदराची लाट त्यांच्या दुपारच्या झोपेपेक्षा मोठी नाही.

ओळखपत्र जवळ ठेव, लष्करी हद्दीत कधीही मागतात. फुलं नेलीस तर प्लास्टिक काढून टाक. रील बनवायला कुणी बोलावलं तर हात जोडून नाही म्हण, कारण सांगत बसू नकोस.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला साताऱ्याच्या एसटी स्टँडवर ये, वाईकडच्या फलाटावर. पहिली गाडी मिळाली तर किकलीत उन्हं तिरपी असतानाच पोचू. आरसा मी आणतो. तू वही आण, आणि आजोळच्या पाटीचं आईला विचारून ये.

तुझा,
सर